अपर्चर उघडा, पावणे मावतील!

अल्बम न्यायला माणसं येतात, किस्से न्यायला कोण येणार? तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो, तो मिरगापर्यंत. दर सीझनला पाच-सहा किस्से मागं राहतातच. फोटो देऊन मोकळं होता येतं, पण या किस्स्यांचं काय करायचं? मग असं चहाला चार दोस्त जमले की एकेक बाहेर काढायचा. आज ग्रुप फोटोचे सांगतो. बसा निवांत.

निपाणीत आमचा स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे आप्पांचा. आप्पांनी तो रोलच्या जमान्यात सुरू केला. मी दिनकर, मूळचा काकतीचा, पण वीस वर्षं झाली, निपाणीचंच पाणी पितोय. व्हिडिओ माझ्याकडं. तिसरी शैला, आप्पांची एकुलती लेक. बेळगावात दोन वर्षं फोटोग्राफी शिकून आलीय. नवरीचे फोटो काढावेत तर तिनंच! हळदीचा चेहरा असा काढते की नवरीची आई ओळखत न्हाय.

पण ग्रुप फोटो? तो मात्र आप्पांचा. "ग्रुप मालकानंच काढायचा," हा आमच्या स्टुडिओचा कायदा. नवरीचे फोटो अल्बमात जातात, अल्बम कपाटात जातो, आणि ग्रुप भिंतीवर लागतो. शैलाचं म्हणणं एवढंच, "आप्पा, कुणाच्या तरी भिंतीवर एकदा माझा फोटो लागू दे की!"

आप्पा म्हणायचे, "अजून तुला अपर्चर कळल्यालं न्हाय."

घोडं इथंच अडलं होतं.

* * *

लेन्सच्या आत पाकळ्यांचं एक भोक असतं. ते अपर्चर. उघडलं की उजेड जास्त येतो आणि मागचं-पुढचं धूसर होतं. मिटलं की उजेड कमी आणि सगळं स्वच्छ. फोटोत किती रुंदीचं दिसणार, किती माणसं मावणार, याच्याशी त्या भोकाचा काडीचा संबंध न्हाय. हे शैलाचं म्हणणं.

आप्पांचं म्हणणं, "कल्याण मंडपाचं दार अर्धं उघडलं तर किती माणसं आत येत्यात? आणि पुरतं उघडलं तर? मग?"

चाळीस वर्षं आप्पांनी असेच ग्रुप काढले. अपर्चर उघडायचं, "पावनं, या सगळी!" म्हणायचं, आणि खरोखर सगळी मावायची. आम्हालाही कळेना हे जमतं कसं. शेवटी शैलानं मला एका लग्नात व्हिडिओ लावायला सांगितला, पण नवरा-नवरीवर न्हाय, आप्पांवर.

घरी येऊन बघितलं. आप्पांनी अपर्चर उघडलं. मग फोटो काढताना नकळत पाच पावलं मागं सरले. दुसरा ग्रुप, परत अपर्चर, परत पाच पावलं.

शैला म्हणाली, "बघा दिनूमामा! राबत्यात पाय आणि नाव हुतंय भोकाचं!"

आप्पांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाले, "माझं धोतर मागनं किती मळलंय गं."

* * *

शैला हटणारी न्हवे. एके दिवशी दुपारी गिऱ्हाईक न्हवतं, तिनं आप्पांना पासपोर्टच्या खुर्चीत बसवलं. लेन्सच्या तोंडावर अर्ध्यात काळा कागद चिकटवला.

"आता भोक अर्धं झालं. तुमचं तोंड अर्धंच यायला पायजे. व्हय का न्हाय?"

"व्हय! डावा कान गेला म्हणून समज."

क्लिक! फोटो बघितला. तोंड पूर्ण. दोन्ही कान जागेवर. मिशीसुद्धा टोकापासनं टोकापर्यंत. फक्त फोटो जरा काळपट आला होता.

आप्पांनी चष्मा वर केला, खाली केला. "मी एवढा काळा कशापायी दिसतोय?"

"उजेड कमी गेला आप्पा. माणूस सगळा आला."

"काळा दिसतोय म्हंजे कायतरी गेलंच की!" आप्पा उठले आणि चहा सांगायला बाहेर गेले. त्या दिवशी वाद बरोबरीत सुटला.

* * *

चिकोडीकडचं एक लग्न. नवऱ्याकडची मराठी, नवरीकडची कानडी. तशा आपल्याकडं सगळ्यांना दोन्ही भाषा येतात, पण आप्पांचा स्वभाव पडला आदबशीर, म्हणून ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगायचं.

ग्रुप जरा मोठा दिसत होता. आप्पा आधी मराठीत म्हणाले, "एक पाऊल मागं सरा!" मग त्यांना वाटलं, मागं नको, मागं चिखल आहे. तर घाईघाईत कानडीत, "मुंदक बर्री, मुंदक!" म्हणजे पुढं या.

साठ माणसं एक पाऊल मागं गेली, एक पाऊल पुढं आली, आणि होती तिथंच उभारली.

आप्पांनी कॅमेऱ्यातनं बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, "हां! आता बसलं!"

* * *

आता कणकुंबीचं. हा मामला वेगळा, यात आप्पा न्हाईत. प्री-वेडिंग शूट. नवरा बँकेत, नवरी शाळेत, दोघंही खानापूरकडची. नवऱ्यानं मोबाईलवर लई व्हिडिओ बघितले होते. गाडीत बसल्यापासनं त्याचं सुरू, "मॅडम, मागचं जंगल ब्लर पायजे. एकदम मऊ. पण कणकुंबीचं सगळं जंगल दिसलं पायजे हं! झाड न् झाड!"

शैलानं शांतपणे समजावलं. ब्लर पायजे तर अपर्चर उघडावं लागतंय, झाड न् झाड पायजे तर मिटावं लागतंय. आणि सगळं जंगल पायजे तर लेन्सच बदलावी लागतीया. एका फोटोत तिन्ही कसं मिळायचं?

"ॲडजस्ट करा की मॅडम!"

तिथं पोचलो आणि असं धुकं उतरलं की मला माझाच ट्रायपॉड दिसेना. जंगल गायब. नवरी दोन हातांच्या अंतरावर उभी, तीपण अंदाजानंच. शैलानं वैतागून एक फोटो मारला आणि त्याला दाखवला. मागं नुसता पांढरा कापूस!

नवरा बघत बसला. मग होणाऱ्या बायकोला कोपरानं ढोसून म्हणतो, "बघितलंस? ह्याला म्हंत्यात महागडं अपर्चर!"

* * *

आप्पांचा कायदा हलला तो चौदा मामांमुळं.

निपाणीतलंच लग्न. कार्यालयाच्या पायऱ्यांवर पाच रांगा. खाली नवरा-नवरी, सगळ्यात वर नवऱ्याचे मामा आणि मामांचे भाऊबंद, मिळून चौदा. माणसं जास्त म्हणून आप्पांनी अपर्चर होतं नव्हतं तेवढं उघडलं. फोकस नवऱ्याच्या नाकावर. झालं! नवऱ्याच्या नाकावरचा घाम मोजून घ्या, आणि मागची रांग म्हणजे पावसात भिजलेली शाई.

आठ दिवसांनी थोरले मामा फोटो घेऊन स्टुडिओत आले. टेबलावर आपटला.

"आमास्नी पुसून टाकलंसा व्हय?"

आप्पा म्हणाले, "मामा, फोटो काढताना मागची हालली."

मामांनी आप्पांकडं बघितलं. "चौदाच्या चौदा? एकदम?"

मी कोपऱ्यात उभारून भिंतीकडं बघत होतो, कारण हसू आवरत न्हवतं. शैला मात्र हसली न्हाय. तिनं मामांना बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं, "चूक आमची झाली मामा. परत काढून देतो, घरी येऊन." आप्पांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत कुणी फोटो टेबलावर आपटला न्हवता. मला त्यांचं लई वाईट वाटलं.

* * *

त्यानंतर खानापूरकडच्या एका खेड्यात लग्न होतं. भर दुपार, ऊन मी म्हणत होतं. आप्पा ग्रुपला उभारले. मामांची दहशत अजून गेली न्हवती, म्हणून त्या दिवशी कॅमेरा ऑटोवर टाकला होता. ग्रुप काय मावेना, म्हणून आप्पा मागं सरू लागले. एक पाऊल, दोन पावलं. मागं आचाऱ्यानं मठ्ठ्याचं थोरलं पातेलं आणून ठेवलं होतं. मी ओरडलो, "आप्पा, मठ्ठा!"

आप्पांना वाटलं, मी मठ्ठा प्यायला बोलवतोय. "थांब रं, काम झाल्यावर पितो," म्हणाले, आणि तिसरं पाऊल टाकलं.

धप्प!

आप्पा कमरेपर्यंत मठ्ठ्यात. पण कॅमेरा? डोक्यावर धरलेला, थेंब उडाला न्हाय! सगळी धावली. तर आप्पांनी पातेल्यात बसल्या बसल्या कॅमेरा डोळ्याला लावला आणि ओरडले, "थांबा! कुणी हालू नगासा! हितनं सगळी दिसत्यात!"

क्लिक.

आचारी जवळ आला. नुकसान व्हायचं ते झालंच होतं. तो म्हणाला, "आप्पा, बसलाच हायसा तर मीठ बगा जरा."

घरी आल्यावर शैलानं तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. कुणी सुटलं न्हवतं. पाचवी रांग स्वच्छ. मागच्या म्हाताऱ्याच्या टोपीवरची शिवण दिसत होती. तिनं आप्पांना बोलावलं आणि फोटोच्या कडेचे आकडे दाखवले.

"आप्पा, अपर्चर आठ हाय. उन्हामुळं कॅमेऱ्यानं आपणहून मिटलंय. भोक एवढंसं, आणि माणसं बघा."

आप्पा लई वेळ बघत राहिले. अंगाला अजून ताकाचा वास येत होता. मग आंघोळीला गेले.

चार दिवसांनी एक नवीन फोटोग्राफर काहीतरी विचारायला आला, तर आप्पा त्याला खुर्चीत रेलून सांगत होते, "हे बघ बाळ, अपर्चरनं माणसं मावत नसत्यात. पयल्यापासनं मी हेच सांगत आलोय!"

शैलानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

पण त्याच संध्याकाळी आप्पा तिला म्हणाले, "सदलग्याचा ग्रुप तू काढ. नीट झाला तर हिथनं म्होरं ग्रुप तुझा. बिघडला तर परत पासपोर्टच्या खुर्चीम्होरं."

* * *

आता सदलग्याचं सांगतो आणि उठतो.

जैनांचं घर. दारातच मांडव. घरातले थोरले तात्या, नव्वदीला टेकलेले. त्यांना दोन मुलं. थोरले महावीर अण्णा, धाकटा शीतल. लग्न महावीर अण्णांच्या मुलीचं. पण नदीवरनं आणलेल्या सामाईक पाईपलाईनवरनं दोघा भावांचं बोलणं सात वर्षं बंद. शीतल लग्नाला आला तोही तात्यांनी निरोप धाडला म्हणून.

सकाळी तात्यांनी शैलाचा हात धरून सांगितलं, "बाई, माझी दोन पोरं एका फोटोत पायजेत. बाकीचं काय काढा, न काढा. तेवढं बघून डोळं मिटतो."

"डोळं मिटायचं न्हाय तात्या, फोटोत वाईट दिसतंय," शैला म्हणाली. तात्या हसले. पण शैलानं माझ्याजवळ येऊन आधीच पुसलेली लेन्स परत पुसली.

दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून चारलाच ग्रुपची गडबड सुरू झाली. मधी खुर्चीत तात्या. त्यांच्या दोन्ही अंगाला आणि मागं जरा जागा सोडून साठेक माणसं. आणि ही दोघं? महावीर अण्णा पार डाव्या टोकाला, पाण्याच्या टाकीला टेकून. शीतल पार उजव्या टोकाला, मोटारसायकलींजवळ. जणू मधल्या साठ जणांना राखणीला ठेवलंय!

शैलाच्या कॅमेऱ्याला पन्नासची लेन्स होती. तिच्यात एवढी रुंदी कुठली यायची? मागं सरावं तर रस्त्यावर उसानं भरलेली ट्रॉली, ट्रॅक्टरसकट. शैलाची पाठ उसाला टेकली होती. दोन्ही भाऊ दोन्ही कडेनं अर्धे अर्धे कापले जात होते.

काळजीचं कारण न्हवतं. माझ्या खांद्याच्या बॅगेत रुंद लेन्स होती. ती लावली असती तर टाकी, मोटारसायकली आणि शेजाऱ्याची म्हैससुद्धा आली असती. शैलानं माझ्याकडं हात केला. मी लेन्स काढून झाकण उघडलं.

तेवढ्यात तात्यांनी डावीकडं टाकीकडं बघितलं. मग उजवीकडं मोटारसायकलींकडं बघितलं. मग मान खाली घालून स्वतःचे हात बघत बसले.

शैलानं ते कॅमेऱ्यातनं बघितलं. केलेला हात मागं घेतला आणि माझ्या पायावर असा पाय दिला की मी कळवळलो. लेन्स गपकन बॅगेत गेली.

"कडंची दोघं येत न्हाईत!" ती ओरडली.

आप्पा कडेला खुर्चीत बसले होते. सवयीनं उठले. "अगं मग अप..." आणि थांबले.

शैला म्हणाली, "अपर्चर पुरतं उघडलंय आप्पा. तरी मावत न्हाईत."

इतकी वर्षं बापाशी भांडून भांडून जे खोटं पाडलं, तेच ही साठ जणांसमोर बोलतीया! आता आप्पा सगळ्यांदेखत तिला झाडणार. आप्पा जवळ आले. कॅमेऱ्यात वाकून बघितलं. आकडा आठ होता, म्हणजे भोक मिटलेलंच. माझ्या बॅगेकडं बघितलं. मग तात्यांकडं बघितलं.

आणि पाव्हण्यांकडं वळून खड्या आवाजात म्हणाले, "पावनं! अपर्चर पुरतं उघडलंय! मशीनीत ह्याच्या म्होरं जागा न्हाय!"

एक जावई म्हणाले, "मग ती ट्रॉली काढूया की मागची. फोटोवाली मागं सरतील."

टाकीजवळनं महावीर अण्णा म्हणाले, "तिचं टायर बसलंय. हलायची न्हाय."

"मग एकच जागा हाय," शैला म्हणाली. "तात्यांच्या खुर्चीमागं दोन माणसं उभारतील. दुसरी कुटं न्हाय."

आत आचारी भांडी वाजवत होते. ऊन कलत चाललं होतं. शैलानं कॅमेरा डोळ्याचा काढला न्हाय. पहिला शीतल हलला. मग टाकीकडनं महावीर अण्णा निघाले. दोघं खुर्चीमागं येऊन उभारले, मधी हातभर जागा सोडून.

"मधी फट दिसतीया. अजून जवळ."

वीतभर राहिली.

"अजून."

खांद्याला खांदा लागला. महावीर अण्णांच्या फेट्याचा शेमला शीतलच्या तोंडावर आला, तो अण्णांनीच बाजूला केला. आणि सात वर्षांनी पहिल्यांदा भावाशी बोलले. काय बोलले? "प्वाट आत घे जरा."

शीतल म्हणाला, "माझं ऱ्हाऊ दे अण्णा, तुझं बघ! तात्यांच्या डोक्याला लागतंय!"

सगळा मांडव हसला. तात्या तर असे हसले की कवळी हातात धरावी लागली. क्लिक! माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

पहिलाच फोटो झकास आला होता. तरी शैलानं आणखी अकरा काढले. "कुणीतरी डोळं मिटलं... अजून एक... हालू नगासा..." कुणी हललं न्हाय.

आप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हिथनं म्होरं ग्रुप शैलाचा." आणि नाक पुसत पंगतीकडं गेले.

मी सामान आवरत होतो, तर शीतल जवळ आला. इकडंतिकडं बघितलं, खिशातनं मोबाईल काढला, त्यावरचं पॉइंट फाइव्हचं, म्हणजे रुंद फोटोचं बटण दाबलं आणि मांडवाकडं धरला. टाकीपासनं मोटारसायकलींपर्यंत सगळं पडद्यावर आलं. वर आणि जागा उरली.

"मघाशी खिशातच हुता," तो म्हणाला.

"मग बोलला न्हाईसा?"

त्यानं मोबाईल परत खिशात घातला. "अण्णाला सांगू नगासा."

तेवढ्यात मागं ट्रॅक्टर सुरू झाला. वळून बघतोय तर फेटा बांधलेले महावीर अण्णा सीटवर. उसानं भरलेली ट्रॉली, सगळी टायर टम्म, डुलत डुलत गेली आणि पाव्हण्यांची वाट मोकळी करून पुढं जाऊन उभारली.